विश्लेषण : आंबागडला दोन विमानतळ सारख्याच अंतरावर, मग विमान कुठून पकडायचे?

नागपूर आणि गोंदिया या दोन विमानतळांमधले हवाई अंतर जेमतेम १३८ किलोमीटर. तरीही एकीकडून निघालेल्या प्रवाशाचा आणि दुसरीकडून निघालेल्या प्रवाशाचा हिशेब पूर्ण वेगळा. अंतर, उड्डाणाचा वेळ आणि प्रत्यक्ष प्रवास यांचे गणित समजून घ्या.

भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यात, सातपुड्याच्या टेकड्यांच्या कडेला आंबागड हे गाव आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याच्या काळात, १७०० च्या सुमारास बांधलेला किल्ला ही त्याची जुनी ओळख. नकाशावर पाहिले तर या गावाची आणखी एक गंमत दिसते. पश्चिमेला नागपूरचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि पूर्वेला गोंदियाचा बिरसी विमानतळ, दोन्ही इथून सरळ रेषेत साधारण ७० किलोमीटरवर आहेत. चार-पाच किलोमीटर इकडे-तिकडे, एवढाच फरक.

तुमसर पट्ट्यातून बाहेर जाणाऱ्यांची संख्या कमी नाही. हैदराबाद, पुणे, बेंगळूरुत नोकरी करणारी मुले, उपचारासाठी मोठ्या शहरात जाणारी कुटुंबे, तांदळाच्या व्यापारातले लोक, चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मॅंगनीज खाणींच्या कामाने ये-जा करणारे, असे सगळेच आता विमानाचा विचार करतात. मग प्रश्न येतो : नागपूर की गोंदिया? मोबाइलवर दोन विमानतळांमधले अंतर आणि उड्डाणाचा वेळ लगेच सापडतो. मात्र त्या आकड्यांचा अर्थ लावताना गल्लत होते. म्हणून आधी आकडे कुठून येतात ते पाहू.

दोन विमानतळ कसे आहेत?

नागपूरचा विमानतळ सोनेगावला, शहराच्या दक्षिण-पश्चिम बाजूला आहे. देशाच्या मध्यावर असल्याचा फायदा या विमानतळाला फार पूर्वीपासून मिळाला. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली टपालाची विमाने मध्यरात्री नागपुरात एकत्र येत, आपापसांत टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत परत जात. आज इथून मुंबई, दिल्ली, पुणे, बेंगळूरु, हैदराबाद अशा शहरांसाठी जेट विमाने उडतात.

बिरसीची धावपट्टी ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० मध्ये बांधली. युद्ध संपल्यावर तिचा नियमित प्रवासी वाहतुकीसाठी उपयोग झाला नाही. पुढे ती भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आली, सुधारली गेली आणि वैमानिक प्रशिक्षणासाठी वापरली जाऊ लागली. नियमित प्रवासी विमान मात्र १३ मार्च २०२२ रोजी उडाले. 'उडान' योजनेखाली फ्लायबिग कंपनीने इंदूर-गोंदिया-हैदराबाद सेवा सुरू केली. काही महिन्यांतच ती थांबली. त्यानंतर १ डिसेंबर २०२३ पासून इंडिगोने गोंदियाला हैदराबादमार्गे तिरुपतीशी जोडले.

थोडक्यात, एक विमानतळ दिवसभर गजबजलेला आणि दुसरा प्रत्येक नव्या सेवेकडे आशेने पाहणारा. आंबागडकरांना दोन्ही सारखेच लांब.

'हवाई अंतर' कसे मोजतात?

कोणत्याही ॲपवर दिसणारे हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरून दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा मार्ग. भूगोलाच्या भाषेत त्याला बृहद्‌वृत्तावरचे अंतर म्हणतात. संत्र्यावर दोन टाचण्या टोचून त्यांच्यामध्ये दोरा ताणला, तर दोरा जिथून जाईल तोच हा मार्ग. सपाट नकाशावर तो लांबच्या प्रवासात वाकडा दिसतो. मुंबईहून न्यूयॉर्कला जाणारे विमान नकाशावर उत्तरेकडे कमान करून गेल्यासारखे वाटते, ते याचमुळे. नागपूर-गोंदियासारख्या छोट्या अंतरात हा वाक जाणवतही नाही.

त्यामुळे हे अंतर घरबसल्या, शाळेतल्या गणिताने काढता येते. लागतात फक्त दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश. नागपूर विमानतळ साधारण २१.०९ उत्तर अक्षांश आणि ७९.०५ पूर्व रेखांशावर आहे. बिरसी २१.५३ उत्तर आणि ८०.२९ पूर्व.

अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. रेखांशाचा अंश मात्र विषुववृत्तापासून ध्रुवाकडे जाताना अरुंद होत जातो. आपल्या भागात, म्हणजे २१ अंशांच्या आसपास, तो सुमारे १०४ किलोमीटरचा भरतो. आता हिशेब सोपा आहे. अक्षांशातला फरक ०.४३ अंश, म्हणजे उत्तरेकडे ४८ किलोमीटर. रेखांशातला फरक १.२४ अंश, म्हणजे पूर्वेकडे १२९ किलोमीटर. या काटकोन त्रिकोणाचा कर्ण पायथागोरसच्या नियमाने काढला की उत्तर येते सुमारे १३८ किलोमीटर.

विमानवाहतुकीत हेच अंतर सागरी मैलांत सांगतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, अक्षांशाच्या एका अंशाचा साठावा भाग. त्या हिशेबाने नागपूर-गोंदिया अंतर साधारण ७५ सागरी मैल होते. एखाद्या परदेशी संकेतस्थळावर अंतराचा आकडा अचानक निम्मा दिसला, तर आधी एकक तपासावे.

याच पद्धतीने काढलेली काही अंदाजे हवाई अंतरे :

नागपूर-गोंदिया : १३८ किमी
नागपूर-हैदराबाद : ४३० किमी
गोंदिया-हैदराबाद : ५१५ किमी
गोंदिया-इंदूर : ४८० किमी
अमरावती-मुंबई : ५४० किमी
नागपूर-पुणे : ६०५ किमी
नागपूर-मुंबई : ६८५ किमी
गोंदिया-मुंबई : ८२० किमी

विमान खरेच सरळ रेषेत उडते का?

नाही. सरळ रेषा हा कमीत कमी अंतराचा आकडा आहे. प्रत्यक्ष उड्डाण त्याहून थोडे जास्तच भरते. कारणे मुख्यतः तीन.

पहिले, धावपट्टीची दिशा. विमान वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उडते आणि उतरते. गंतव्य पूर्वेला असले तरी वारा पश्चिमेचा असेल, तर विमान आधी पश्चिमेकडे तोंड करून उडेल आणि मग वळेल. उतरतानाही धावपट्टीच्या रेषेत येण्यासाठी त्याला बाहेरून वळसा घ्यावा लागतो.

दुसरे, आकाशातले ठरलेले मार्ग. विमाने नावे दिलेल्या बिंदूंवरून आखलेल्या मार्गाने जातात, म्हणजे एकमेकांपासून सुरक्षित अंतर राखता येते. हवाई दलासाठी राखलेली क्षेत्रे टाळावी लागतात. नागपूरच्या वरचे आकाश तर देशातल्या गजबजलेल्या चौकांपैकी एक. उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम जाणारी, नागपूरला न उतरणारी असंख्य विमाने इथून जातात.

तिसरे, हवामान. पावसाळ्यात आणि उन्हाळ्याच्या शेवटी विदर्भात दुपारनंतर उभे वाढणारे गडगडाटी ढग वैमानिक वळसा घालून टाळतात. आठशे किलोमीटरच्या प्रवासात वीस-तीस किलोमीटरचा वळसा फारसा जाणवत नाही. १३८ किलोमीटरच्या प्रवासात तोच वळसा मोठा ठरतो.

तिकिटावरचा वेळ कशाचा असतो?

सगळ्यात जास्त गैरसमज इथे होतो. तिकिटावर लिहिलेला कालावधी हा केवळ हवेतला वेळ नसतो. विमान उभ्या जागेवरून हलते तिथपासून दुसऱ्या विमानतळावर ठरलेल्या जागी थांबते तिथपर्यंतचा तो वेळ असतो. विमानवाहतुकीत त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. धावपट्टीपर्यंत जमिनीवरून जाणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, उंची गाठणे, उंची कमी करणे, रांगेत येऊन उतरणे आणि पुन्हा जमिनीवरून चालत जागेवर पोहोचणे, हे सगळे त्यात मोजलेले असते.

या सगळ्याचा अंदाज बांधायला एक सोपा नियम चालतो : हवाई अंतराला विमानाच्या वेगाने भागा आणि त्यात अर्धा तास मिळवा. छोट्या विमानतळांवर वापरले जाणारे पंख्याचे एटीआर-७२ विमान ताशी सुमारे ५०० किलोमीटरने जाते. एअरबस ए-३२० सारखे जेट ताशी सुमारे ८०० किलोमीटर किंवा थोडे अधिक.

आता गोंदिया-हैदराबाद पाहा. ५१५ भागिले ५००, म्हणजे एक तास दोन मिनिटे. अर्धा तास मिळवला की दीड तास. नागपूर-हैदराबाद जेटने केले तर ४३० भागिले ८००, म्हणजे ३२ मिनिटे. अर्धा तास मिळवला की एक तास. कंपन्या यात आणखी थोडी सवड ठेवतात, म्हणून वेळापत्रकात तो सव्वा तासापर्यंत दिसू शकतो. ही सवड ठेवल्यामुळे विमान 'वेळेआधी' पोहोचल्याची घोषणा अनेकदा ऐकू येते.

वाऱ्याचाही हिस्सा असतो. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. समजा असा वारा ताशी ६० किलोमीटरचा आहे. मुंबईहून नागपूरला येणाऱ्या जेटला तो मागून ढकलेल आणि जमिनीच्या हिशेबाने वेग ८६० होईल. परतीच्या विमानाला तो समोरून अडवेल आणि वेग ७४० वर येईल. ६८५ किलोमीटरच्या प्रवासात या दोहोंत सात-आठ मिनिटांचा फरक पडतो. त्याच मार्गावर येता-जाता वेगळा वेळ दिसतो, त्यामागचे हे एक कारण.

अंतर कमी, तरी वेळ जास्त कसा?

विदर्भातलेच ताजे उदाहरण घेऊ. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईसाठी प्रवासी सेवा सुरू झाली. विमान होते अलायन्स एअरचे एटीआर-७२. अमरावती नागपूरपेक्षा मुंबईला हवाई मार्गाने सुमारे १४५ किलोमीटर जवळ. तरीही सुरुवातीच्या वेळापत्रकात अमरावती-मुंबईला पावणेदोन तास धरलेले होते. नागपूर-मुंबईचे जेट त्यापेक्षा कमी वेळात पोहोचते.

दोन गोष्टींमुळे असे होते. एक, विमानाचा प्रकार. पंख्याचे विमान जेटपेक्षा संथ. दोन, मुंबईचे आकाश. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी प्रामुख्याने एकीवरूनच वाहतूक चालते. गर्दीच्या वेळी विमानांना हवेत घिरट्या घालाव्या लागतात आणि कंपन्या तो वेळ आधीच वेळापत्रकात धरून ठेवतात.

याचा अर्थ पंख्याचे विमान वाईट, असा नाही. लहान धावपट्टीवर ते उतरू शकते, कमी अंतरात त्याला इंधन कमी लागते आणि सत्तरेक आसने भरली की फेरी चालते. दीडशे-पावणेदोनशे आसनांचे जेट रोज भरेल एवढे प्रवासी लहान शहरात मिळत नाहीत. एटीआर नसते, तर आपल्याकडच्या अनेक छोट्या विमानतळांवर प्रवासी सेवा सुरूच झाली नसती.

मग नागपूर-गोंदिया थेट विमान का नाही?

वरचा नियम लावून पाहा. १३८ भागिले ५००, म्हणजे १७ मिनिटे. अर्धा तास मिळवला की पाऊण तास. विमान पुरते वर चढायच्या आत उतरायची तयारी सुरू होईल.

आता आगगाडीशी तुलना करा. मुंबई-हावडा मार्गावरच्या नागपूर आणि गोंदिया या स्थानकांमध्ये लोहमार्गाने सुमारे १३० किलोमीटर अंतर आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालेली नागपूर-बिलासपूर वंदे भारत गोंदियाला थांबते आणि हे अंतर पावणेदोन तासांच्या आसपास कापते. विमानाचा पाऊण तास, त्याआधी विमानतळावरचा दीड-दोन तास आणि दोन्ही टोकांचा रस्ता धरला तर आगगाडी सहज जिंकते.

विमान कंपनीच्या बाजूने तर हे गणित आणखी वाईट. विमानाचे सर्वांत जास्त इंधन उंची गाठताना जळते. इंजिन, चाके आणि ब्रेक यांची झीज किलोमीटरपेक्षा उड्डाण-उतरण्याच्या संख्येवर ठरते. विमानतळाचे शुल्कही दर उतरण्यामागे द्यावे लागते. म्हणजे खर्च मोठ्या प्रवासाचा आणि भाडे मात्र एसटीशी स्पर्धा करणारे.

सरकारी धोरणातही हा विचार दिसतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये 'उडान' योजना जाहीर झाली, तेव्हा ती २०० ते ८०० किलोमीटर लांबीच्या मार्गांसाठी होती. डोंगराळ, दुर्गम, बेटांवरील आणि सुरक्षेच्या दृष्टीने संवेदनशील भागांना किमान अंतराची अट नव्हती. नागपूर-गोंदिया त्या २०० किलोमीटरच्या खालीच राहते.

अगदी छोट्या हवाई मार्गांना जगात जागा आहे, पण जिथे दुसरा जलद मार्ग नाही तिथे. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांमधली वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे ही जगातली सर्वांत छोटी नियमित विमानसेवा मानली जाते. अंतर तीन किलोमीटरहून कमी, हवेतला वेळ दोन मिनिटांच्या आत. मधे समुद्र आहे म्हणून ती चालते. नागपूर आणि गोंदियाच्या मधे वैनगंगा आहे खरी, पण तिच्यावर रेल्वेचा पूलही आहे.

अंतराचा तिकिटाच्या दराशी काय संबंध?

'उडान'मध्ये हा संबंध थेट आहे. योजनेखालची पहिली विमाने २७ एप्रिल २०१७ रोजी उडाली. सिमला-दिल्लीबरोबर त्या दिवशी नांदेड-हैदराबाद सेवाही सुरू झाली. सुमारे एक तासाच्या, म्हणजे साधारण ५०० किलोमीटरच्या प्रवासाला कमाल अडीच हजार रुपये भाडे, ही तेव्हाची मर्यादा. अंतर कमी-जास्त झाले की मर्यादाही त्या प्रमाणात बदलते आणि ती वेळोवेळी सुधारली जाते.

मात्र ही मर्यादा विमानातल्या सगळ्या आसनांना नसते. साधारण निम्मी आसने या सवलतीच्या दराने द्यायची आणि उरलेली बाजारभावाने विकायची, असा नियम आहे. म्हणून एकाच विमानात शेजारी बसलेल्या दोघांच्या तिकिटात मोठा फरक असू शकतो. लवकर तिकीट काढणाऱ्याला फायदा होतो तो इथे.

सवलतीमुळे कंपनीला येणारी तूट सरकार भरून देते. मार्गासाठी निविदा निघते, कमी अनुदान मागणाऱ्याला तो मिळतो आणि हे अनुदान तीन वर्षे चालते. राज्य सरकारही आपला वाटा उचलते आणि अशा विमानतळांवर विमानाच्या इंधनावरचा कर नाममात्र ठेवते. तीन वर्षांनंतर मात्र मार्गाने स्वतःच्या पायावर उभे राहावे, अशी अपेक्षा असते.

छोट्या विमानतळाची खरी परीक्षा इथे होते. अनुदान संपेपर्यंत लोकांना त्या विमानाची सवय लागली, तर सेवा टिकते. सवय लागण्यासाठी मात्र विमान ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी यावे लागते. गोंदियाला भंडाऱ्याबरोबरच शेजारच्या मध्य प्रदेशातले बालाघाट आणि छत्तीसगडची सीमा जवळ आहे. कान्हा आणि नवेगाव-नागझिऱ्याच्या पर्यटकांनाही हा विमानतळ सोयीचा. प्रवासी आहेत, पण ते नागपूरची खात्री सोडून गोंदियाकडे वळतील का, हा प्रश्न आहे.

आंबागडहून हैदराबाद : दोन्ही वाटांचा हिशेब

आता आकडे एकत्र मांडू. आंबागडहून हैदराबाद सरळ रेषेत सुमारे ४८० किलोमीटर. नागपूरमार्गे गेल्यास सरळ रेषेची बेरीज साधारण ५०० किलोमीटर होते. गोंदियामार्गे आधी पूर्वेला जायचे आणि मग नैर्ऋत्येला परतायचे, त्यामुळे बेरीज ५८० च्या पुढे जाते. अंतराचाच विचार केला तर नागपूर सरस.

वेळेचा विचार केला की चित्र उलटते. बिरसीला जायचे तर तुमसर, तिरोडा आणि गोंदिया असा रस्ता, साधारण दोन तासांचा. विमानतळ लहान असल्याने आत रांगा छोट्या. काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो हे धरून दीड तास आधी पोहोचले तरी पुरते. मग दीड तासाचे उड्डाण. हैदराबादचा शमशाबाद विमानतळ शहराबाहेर असल्याने सामान घेऊन शहरात पोहोचायला आणखी दीड तास. एकूण साडेसहा तास.

नागपूरला जायचे तर रामटेकच्या बाजूने किंवा भंडाऱ्याहून महामार्गाने. कसेही गेले तरी सोनेगाव शहराच्या पलीकडच्या टोकाला आहे, त्यामुळे वाहतुकीतून वाट काढत अडीच-तीन तास धरावे लागतात. गर्दीच्या विमानतळावर दोन तास आधी पोहोचायचे, सव्वा तासाचे उड्डाण आणि पुढे तोच दीड तास. एकूण सव्वासात ते पावणेआठ तास.

आगगाडीचा पर्यायही आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेली नागपूर-सिकंदराबाद वंदे भारत सव्वासात तास घेते. आंबागडहून नागपूर स्थानकापर्यंतचा प्रवास धरला तर घरापासून घरापर्यंत दहा तासांच्या वर.

या वेळा अंदाजे आहेत. पावसाळ्यातला रस्ता, सकाळची वाहतूक यांनुसार त्या बदलतील. पण दोन गोष्टी ठळक दिसतात. एक, साडेसहा-सात तासांच्या प्रवासात विमान हवेत असते ते जेमतेम पाचवा भाग. अंतर आणि उड्डाणाचा वेळ हे आकडे आपण सर्वांत आधी शोधतो, पण एकूण प्रवासात त्यांचा वाटा सर्वांत लहान. दोन, गोंदियाहून गेल्यास सुमारे तासभर वाचतो.

तो वाचलेला तास कधी बुडतो?

गोंदियाचे विमान रद्द झाले, तर पुढचे विमान साधारणपणे दुसऱ्या दिवशी किंवा आठवड्याच्या पुढच्या ठरलेल्या वारी. नागपूरला एखादे विमान रद्द झाले, तर त्याच दिवशी दुसऱ्या विमानाने किंवा मुंबई-बेंगळूरुमार्गे जाण्याची वाट उरते.

म्हणजे समजा, गोंदियाहून दर खेपेला एक तास वाचतो आणि विमान रद्द झाले तर चोवीस तास वाया जातात. तर चोवीस खेपांत एकदा जरी विमान रद्द झाले, तरी वाचवलेला सगळा वेळ परत गेला. त्याहून जास्त वेळा रद्द झाले तर गोंदियाची वाट तोट्याची. कमी वेळा झाले तर फायद्याची. आठवड्यातून काहीच दिवस विमान असेल आणि आपल्याला त्या दिवशी जायचे नसेल, तर हा हिशेब सुरू होण्याआधीच संपतो.

छोट्या विमानतळांवर उड्डाणे रद्द होण्याला तांत्रिक कारणेही असतात. दाट धुके किंवा मुसळधार पावसात किती दृश्यमानतेपर्यंत विमान उतरवता येईल, हे तिथल्या उपकरणांवर ठरते. मोठ्या विमानतळांवर ती अधिक असतात. शिवाय एकच एटीआर दिवसभर चार-पाच शहरांत फिरत असते. सकाळी दुसऱ्याच राज्यात झालेला उशीर दुपारी गोंदियाला पोहोचतो. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते आणि उडण्यासाठी जास्त लांब धावपट्टी लागते. अशा वेळी भार कमी करावा लागू शकतो.

परीक्षा, मुलाखत, व्हिसाची भेट किंवा डॉक्टरची ठरलेली वेळ असेल, तर हा फरक फार मोलाचा ठरतो. सुटीला घरी येणाऱ्या मुलाला एक दिवस उशीर चालतो. शस्त्रक्रियेची तारीख मिळालेल्या रुग्णाला चालत नाही.

तिकीट काढण्याआधी काय तपासावे?

वार पाहा. विमान रोज आहे की ठरावीक दिवशी, हे आधी बघा. जाण्याच्याच नव्हे, परतीच्या दिवशीही विमान आहे का ते तपासा.

हंगाम लक्षात ठेवा. विमानांची वेळापत्रके वर्षातून दोनदा बदलतात, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. या तारखांच्या पुढचे तिकीट असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर पुन्हा खात्री करा. जुन्या बातमीतल्या किंवा फॉरवर्ड होऊन आलेल्या वेळांवर विसंबू नका.

विमानाचा प्रकार बघा. तिकीट काढताना तो लिहिलेला असतो. एटीआर असेल तर वेळ थोडा जास्त धरा. डोक्यावरचे कप्पेही लहान असतात, तेव्हा हातातली बॅग छोटी ठेवा.

जोडविमान असेल तर एकाच तिकिटावर घ्या. गोंदियाहून हैदराबाद आणि तिथून पुढे दुसरीकडे जायचे असेल आणि दोन्ही तिकिटे वेगवेगळी काढली, तर पहिल्या विमानाच्या उशिराची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही. एकाच तिकिटावर असेल तर पुढची सोय करणे कंपनीचे काम.

विमान रद्द झाले तर हक्क माहीत असू द्या. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार कंपनीने दुसऱ्या विमानाची सोय किंवा पूर्ण परतावा द्यावा लागतो. यातला पर्याय प्रवाशाने निवडायचा असतो. मोबाइल क्रमांक तिकीट काढणाऱ्या एजंटचा न देता स्वतःचा द्या, म्हणजे रद्द झाल्याचा निरोप थेट तुमच्यापर्यंत येईल.

आंबागडसाठी दोन्ही विमानतळ सारख्याच अंतरावर आहेत हे खरे, पण ते नकाशावर. प्रवाशासाठी जवळचा विमानतळ तोच, जिथून हवे त्या दिवशी विमान मिळते आणि ते उडते. बिरसीला रोजचे, भरवशाचे विमान जोपर्यंत टिकून राहते, तोपर्यंत तुमसर, तिरोडा आणि बालाघाटच्या लोकांसाठी तो नागपूरपेक्षा तासभर जवळ आहे. ते थांबले की त्याच ७० किलोमीटरवरचा विमानतळ एकदम फार दूरचा होतो.